वाचकांचे प्रश्न : हरितगृहातला रॉकेट मास हीटर

सरपणाचे उभे तोंड, त्याच्या तळाशी आडवा बोगदा, पुढे चहूबाजूंनी उष्णतारोधक गुंडाळलेला उभा राइझर, त्यावर उपडे घातलेले पिंप आणि पिंपातून निघून मातीच्या कट्ट्यातून फिरत बाहेर जाणारा धूरपाइप, एवढा रॉकेट मास हीटर या चुलीचा पसारा. राइझरमध्ये धूरसुद्धा जळतो आणि उरलेली ऊब कट्ट्यात मुरते. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये १९८०च्या दशकात लॅरी विनियार्स्की यांनी रॉकेट चुलीची तत्त्वे मांडली आणि इयान्टो इव्हान्स यांनी त्या चुलीला कट्टा जोडला. हरितगृहात ती बसवू पाहणाऱ्यांच्या काही प्रश्नांना ही उत्तरे.

घरामागे २० × १२ फुटांचे एकेरी प्लास्टिकचे हरितगृह आहे. मार्चमध्ये टोमॅटो-मिरचीची रोपे करायची आहेत, रात्री बाहेर उणे ८ अंश असते. संध्याकाळी चूल पेटवली तर कट्टा रात्रभर हरितगृह ऊबदार ठेवील का? माप कोणते घ्यावे? (मिनेसोटा, अमेरिका)

हरितगृह नाही, रोपे ठेवील. आधी हिशेब पाहा. तुमच्या घराचे प्लास्टिक साधारण ६५ चौरस मीटर भरेल. एकेरी प्लास्टिकमधून दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे साडेसहा वॅट उष्णता निसटते. आत १० अंश राखायचे तर फरक १८ अंशांचा, म्हणजे तासाला साडेसात युनिट (किलोवॅट-तास) गेले. आता कट्टा १५ फूट लांब, ३ फूट रुंद, दीड फूट उंच धरा. पाइपची जागा वजा करून त्यात पावणेतीन टन माती बसते. ती सरासरी २५ अंशांनी तापली तर सुमारे १६ युनिट साठतात. दोन तासांत संपले! म्हणून ट्रे कट्ट्यावर मांडा आणि त्यांवर कमानी लावून प्लास्टिकचा बुटका बोगदा करा. मग तेच १६ युनिट सात चौरस मीटर आच्छादनाखाली वापरले जातात आणि रात्र निघते. घराची हवा गोठणबिंदूखाली गेली तरी रोपांच्या मुळाशी ऊब राहते.

या कट्ट्यात पाइप एकदा जाऊन परत येतो, म्हणजे ३० फूट. प्रत्येक काटकोनी वळण ५ फुटांइतके अडवते, तेव्हा दोन वळणांसह ४० फूट धरा. ६ इंची पाइपच्या चुलीला २०-२५ फुटांपुढे ओढ पुरत नाही, म्हणून ८ इंची घ्या. त्या पाइपचे छेदक्षेत्र ५० चौरस इंच. तोंड, बोगदा, राइझर सगळीकडे तेवढेच ठेवा. विटांत ७ × ७ इंच जमते. तोंड १६ इंच खोल, बोगदा २४ इंच आणि राइझर बोगद्याच्या तळापासून ४८ इंच. राइझरचे वरचे टोक आणि पिंपाचे झाकण यांत २ इंच अंतर हवे, दीड इंचाच्या खाली नको.

राइझर लोखंडी पाइपचा करू नका. आतल्या उष्णतेने लोखंडाचे पापुद्रे सुटतात आणि काही हंगामांत तो कोसळतो. हलकी उष्णतारोधक फायरब्रिक किंवा सिरॅमिक फायबरची घोंगडी वापरा. ती कापताना मास्क आणि हातमोजे घाला, तिची धूळ फुप्फुसाला वाईट. पिंपाच्या आत गॅल्व्हनाइज्ड पत्रा नको, तापला की जस्ताचा विषारी धूर सुटतो. बांधायच्या आधी गावच्या इमारत विभागाला आणि विमा कंपनीला विचारून घ्या.

पिंपापासून तीन फूट सोडून कट्ट्याच्या पुढच्या तीन फुटांत मिरचीचे ट्रे ठेवा, लेट्यूस पार दुसऱ्या टोकाला. थर्मामीटर हवेत टांगू नका, ट्रेमधल्या कोकोपीटमध्ये खोचा. तो २८ अंशांपुढे गेला तर ट्रेखाली लाकडी पट्ट्या सरकवा.

चूल बांधून झाली. सकाळी पेटवली की तोंडातून धूर उलटा येतो, दुपारी मात्र नीट ओढते. हरितगृहाला एक्झॉस्ट पंखा आहे. (पाचगणी परिसरातील रोपवाटिका)

आधी पंखा बंद करून पाहा. पंखा आतली हवा बाहेर फेकतो, ती कुठून तरी भरून यायला हवी, आणि सोपी वाट तुमच्या धुराड्यातूनच असते. चूल पेटलेली असताना पंखा चालणारच नाही अशी सोय करा, किंवा चुलीच्या तोंडाजवळ बाहेरून येणारा ६ इंची हवेचा पाइप द्या.

पंखा बंद असूनही धूर येत असेल, तर दोष थंड कट्ट्याचा. रात्रभर गारठलेल्या पाइपातली हवा जड असते, ती वर चढत नाही. धुराड्याच्या बुडाशी असलेल्या सफाईच्या झाकणातून चुरगाळलेला कागद जाळा. धुराडे ओढू लागले की मग चूल पेटवा. धुराडे छपराच्या सर्वांत उंच रेषेच्या दोन-तीन फूट वर गेले आहे ना, तेही पाहा.

दुपारीही कधी उलटत असेल, तर पिंपातून पाइप जिथे सुरू होतो तो सांधा उघडा. गळा आवळला जातो तो बहुधा तिथेच: वाट वरून रुंद दिसते, आत चिखलाचा कडा आलेला असतो किंवा राखेचा ढीग साचलेला असतो. त्या ठिकाणची वाट पाइपच्या दीडपट मोकळी हवी. तरीही कळेना, तर कट्टा वगळून पिंपानंतर लगेच तात्पुरते उभे धुराडे जोडा. आता ओढली तर दोष कट्ट्यात, नाही ओढली तर पिंपात किंवा राइझरमध्ये. खरे तर कट्टा लिंपण्याआधीच ही चाचणी घ्यायची असते.

लाकूड तोंडाबाहेर डोकावत असेल तर आग त्यावरून वर चढते आणि तोंडच धुराडे बनते. तुकडे तोंडाच्या उंचीपेक्षा आखूड कापा, मनगटाएवढ्या जाडीचे पुरेत, आणि तोंड विटेने अर्धे झाका. ओल २० टक्क्यांपेक्षा जास्त नको.

चूल नीट चालते, धूर दिसत नाही, तरी टोमॅटोची पाने खाली वळली आहेत आणि फुले गळतात. पाणी कमी पडते का?

पाणी पुरेसे असेल तर एथिलीनचा संशय घ्या. अर्धवट जळालेल्या धुरात हा वायू असतो, दहा लाखांत एका भागाच्याही खाली तो टोमॅटोला पुरतो, आणि देठ खाली झुकणे ही त्याची ठरलेली खूण. जिथून एथिलीन गळते तिथून कार्बन मोनॉक्साइडही गळतो, आणि तो माणसाला मारतो. कार्बन मोनॉक्साइडचा (सीओ) अलार्म लावल्याशिवाय चूल पेटवूच नका. गळती शोधायला चूल भरात असताना जळती उदबत्ती सांध्यांवरून फिरवा. सांध्यापाशी तिचा धूर आत ओढला गेला किंवा बाहेर ढकलला गेला की तिथे फट. पिंपाच्या बुडाचा सांधा आणि सफाईची झाकणे आधी तपासा. धुमसत्या निखाऱ्यांवर ऊब टिकावी म्हणून तोंड गच्च बंद करणे, हेही याचे नेहमीचे कारण.

१० गुंठ्यांच्या पॉलिहाऊसमध्ये ढोबळी मिरची आहे. डिसेंबरमध्ये पारा ५-६ अंशांवर येतो. अशा किती चुली लागतील? (निफाड तालुका)

एकही बांधू नका. १० गुंठ्यांवर साधारण दीड हजार चौरस मीटर प्लास्टिक येते. आत फक्त ८ अंश चढवायचे तरी ७५-८० किलोवॅट सतत हवेत. त्यातून आपल्याकडच्या बहुतेक पॉलिहाऊसच्या छपराची खिडकी जाळी लावून कायम उघडीच असते, म्हणजे तापलेली हवा रात्रभर त्यातून जाणार. आधी तीच रात्रीपुरती पडद्याने झाकता येते का ते पाहा. बाजूचे पडदे सूर्यास्ताच्या तासभर आधी खाली घ्या, आत आडवा थर्मल पडदा ओढा. चूल हवीच असेल तर रोपवाटिकेच्या एका कट्ट्यापुरती बांधा.

कट्ट्याचा खालचा भाग ओला राहून माती सुटते आहे.

ओल तीन वाटांनी येते: जमिनीतून, ट्रेमधून ठिबकणाऱ्या पाण्यातून आणि पाइपात जमणाऱ्या बाष्पातून. वाळलेले लाकूडसुद्धा किलोमागे अर्धा लिटरहून अधिक पाणी वाफेच्या रूपात सोडते आणि लांब, थंड पाइपात ते द्रव होते. पाइपला धुराड्याकडे थोडा उतार द्या आणि सर्वांत खालच्या टोकाला निचऱ्याचे भोक ठेवा. कट्टा जमिनीवर थेट लिंपू नका. जाड प्लास्टिक, त्यावर चार इंच वीटतुकड्यांचा रोडा आणि मगच माती-वाळू (एकास तीन) असा क्रम ठेवा. बाहेरच्या थरात गव्हाचे काड मिसळा. वरून शेणाचा सारवा ठिबकेखाली टिकत नाही; चुन्याचा गिलावा आणि त्यावर शहाबादी फरशी घाला. नवा कट्टा पहिले काही आठवडे घाम गाळतोच, तो रोज थोडा थोडा तापवून वाळवा.

पिंप कोणते घ्यावे?

२०० लिटरचे, उघडे तोंड असलेले. रसायनाचे नको, खाद्यतेलाचे घ्या. बाहेरचा रंग अंगणात जाळून घासून काढा, हरितगृहात तापवू नका. पिंपाचा माथा २००-३०० अंश सहज गाठतो, तेव्हा प्लास्टिक, शेडनेट आणि ठिबकच्या नळ्या चहूबाजूंनी तीन फूट लांब ठेवा, वरून तर त्याहूनही जास्त.