वाचकांचे प्रश्न : एकत्रित विज्ञानाचा अभ्यास

प्रश्न : माझ्या मुलीच्या माध्यमिक शाळेत जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र वेगवेगळे न शिकवता विज्ञान या एकाच विषयात शिकवतात. ती जीवशास्त्र पाठ करते, रासायनिक समीकरणे घोकते आणि भौतिकशास्त्राच्या उदाहरणांना घाबरते. एकत्रित अभ्यासक्रमामुळे तिचा पाया कच्चा राहील का? तिने अभ्यास कसा करावा?

उत्तर : एकत्रित अभ्यासक्रमात काही प्रकरणे फार खोलात जात नाहीत, हे खरे आहे, पुढे यांपैकी एखादा विषय घ्यायचा असेल तर तेवढी भर घालावी लागते आणि ती घालता येते. माझ्या मते अधिक नुकसान होते ते एका प्रकरणात शिकलेले दुसऱ्या प्रकरणात न वापरल्यामुळे.

प्रकाशसंश्लेषणाचेच उदाहरण घ्या. आपल्या मुलीला त्याचे समीकरण पाठ असेल. आता तिने रसायनशास्त्रात शिकलेली रेणुवस्तुमाने त्यात घालावीत. १८० ग्रॅम ग्लुकोज तयार होण्यासाठी २६४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि १०८ ग्रॅम पाणी लागते, आणि १९२ ग्रॅम ऑक्सिजन बाहेर पडतो. दोन्ही बाजूंची बेरीज ३७२ ग्रॅमच येते. समीकरण संतुलित का करायचे, हे या बेरजेतून जितके स्पष्ट होते तितके दहा वेळा घोकूनही होत नाही. शिवाय झाडाच्या कोरड्या वस्तुमानातला कार्बन मातीतून नव्हे, हवेतून येतो, हेही ध्यानात येते. पुढे श्वसनाच्या प्रकरणात बरेच विद्यार्थी ‘ऊर्जा निर्माण होते’ असे लिहितात. ऊर्जा निर्माण करता येत नाही, हे भौतिकशास्त्रात शिकलेल्या विद्यार्थ्याला ते वाक्य खटकले पाहिजे, कारण मूळची प्रकाशाची असलेली ऊर्जा अन्नात रासायनिक रूपात साठते आणि श्वसनात तिचेच रूपांतर होते. असे खटकणे हे विषय समजू लागल्याचे लक्षण आहे आणि शिक्षकांनी त्याचे मनापासून स्वागत करावे.

संशोधनातही या सीमा फारशा पाळल्या गेलेल्या नाहीत. परागकणांतून निघालेल्या सूक्ष्म कणांची पाण्यातील अविरत हालचाल रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ मध्ये पाहिली. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये तिचा गणिती उलगडा केला, आणि फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पेराँ यांच्या प्रयोगांनी त्याला पुष्टी मिळाल्यावर रेणूंच्या अस्तित्वाविषयी रसायनशास्त्रात उरलेली शंका मिटली.

भौतिकशास्त्राच्या भीतीबाबत माझी सूचना अशी की, उदाहरणे तिच्या आवडीच्या जीवशास्त्रातून निवडावीत. हृदयाच्या आकुंचनाच्या वेळचा रक्तदाब १२० मिलिमीटर पारा, असे तिने वाचले असेल. दाब म्हणजे पाऱ्याच्या स्तंभाची उंची, पाऱ्याची घनता आणि गुरुत्व त्वरण यांचा गुणाकार; त्यात ०.१२ मीटर, प्रति घनमीटर १३,६०० किलोग्रॅम आणि ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग या किमती घातल्या की उत्तर सुमारे १६,००० पास्कल येते. प्रत्येक पायरीवर एकक लिहिण्याचा आग्रह मात्र तिने सोडू नये, कारण मिलिमीटरचे मीटर न केल्यास उत्तर हजार पटींनी चुकते. मग तोच दाब पाण्याच्या स्तंभाने मोजायचा झाल्यास स्तंभ किती उंच लागेल, हे तिला विचारावे. उत्तर सुमारे १.६ मीटर येईल, आणि रक्तदाबमापकात पारा का वापरला गेला, हे तिला स्वतःच सांगता येईल.