दांडगट मासा सर्वांत शेवटी

प्रश्न : माझी रीफ टाकी (कोरल असलेली खाऱ्या पाण्याची टाकी) चार फुटी, साधारण ३०० लिटरची आहे. ऑसेलारिस क्लाउन माशांची जोडी, एक फायरफिश आणि सॉफ्ट कोरलसोबत थोडे युफिलिया (एक मांसल कोरल) आहे. महिन्यापूर्वी सिक्सलाइन रास (छोटा पट्टेरी मासा) सोडला, तेव्हापासून फायरफिश खडकामागून बाहेरच येत नाही. आता डॉटीबॅक, फ्लेम एंजल आणि यलो टँग घ्यायचा विचार आहे. जमेल का? क्रम कसा ठेवू?

उत्तर : आधी सिक्सलाइन बाहेर काढा. मासा जेमतेम आठ सेंटीमीटरचा, पण एकदा जागा आपली मानली की आपल्याहून भित्र्या, सडपातळ माशाला जगू देत नाही. आणि तो आत असताना पुढे येणारा प्रत्येक मासा त्याचा मार खातच रुळणार. फायरफिश उलटून मारत नाही. बिळात उपाशी राहतो, नाहीतर उडी मारून टाकीबाहेर पडतो. म्हणून टाकीवर पाच-सहा मिलिमीटरची जाळी आजच बसवा. सिक्सलाइनच्या मागे हातजाळे घेऊन लागू नका, कोरल तुटतील आणि मासा हाती लागणार नाही. पारदर्शक सापळा ठेवा, दोन-तीन दिवस दार उघडे ठेवून मायसिस (बारीक कोळंबीसारखे खाद्य) फक्त आतच द्या आणि तो निर्धास्तपणे आत शिरू लागला की दार पाडा.

डॉटीबॅकमध्ये त्यातल्या त्यात शांत म्हणजे ऑर्किड. तो नको असेल तर रॉयल ग्रामा. मात्र दोघांपैकी एकच, कारण दोघांनाही खडकातली तीच बिळे हवी असतात. खरेदी करताना नीट निरखा. रॉयल डॉटीबॅक हा ग्रामासारखाच अर्धा जांभळा, अर्धा पिवळा दिसतो आणि स्वभावाने कितीतरी तापट असतो. ग्रामाचा जांभळा रंग ठिपक्याठिपक्यांनी पिवळ्यात मिसळत जातो आणि पाठीच्या परावर पुढे एक काळा ठिपका असतो. रॉयल डॉटीबॅकमध्ये दोन्ही रंग रेघ मारल्यासारखे तुटतात.

फ्लेम एंजल चालेल, पण एकच. दुसरा बटू एंजल सोबत नको. झोआ (बटणांच्या झुपक्यासारखे दिसणारे जीव) आणि मांसल एलपीएस (मोठ्या पॉलिपचे; पॉलिप म्हणजे कोरलचा एकेक जीव) कोरल तो टोचू शकतो. युफिलियाला सहसा सोडतो, तरी हमी कोणी देऊ नये. खडकावर शेवाळ असलेली, मुरलेली टाकी आणि दिवसातून दोनदा खाणे एवढे असले तर टोचणे कमी होते.

यलो टँग वीस सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि दिवसभर पोहत असतो. चार फूट त्याला अपुरेच, असे आमचे मत. त्याऐवजी टोमिनी टँग घ्या. तो लहान राहतो आणि काचेवरचे, खडकावरचे पातळ शेवाळ खरवडून खातो. शिवाय रोज नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा चिमट्याला लावा.

क्रम असा : आधी डॉटीबॅक किंवा ग्रामा, मग फ्लेम एंजल, शेवटी टँग. दोघांमध्ये तीन-चार आठवडे जाऊ द्या. फिल्टरमधल्या जिवाणूंना वाढीव भार पेलायला तेवढा वेळ लागतो आणि जुन्या माशांची हद्दही ठरून जाते. प्रत्येक मासा आधी किमान चार आठवडे क्वारंटाइनमध्ये. मुख्य टाकीत आणल्यावर त्याला भोके असलेल्या पारदर्शक पेटीत तीन ते पाच दिवस ठेवा, तिथेच खायला घाला आणि जुने मासे पेटीवर धडका मारायचे थांबले की दिवे मालवून सोडा. थोडी पळापळ होणारच. पर फाटले, किंवा नवा मासा दोन दिवस खाल्ल्याविना राहिला, तर परत पेटीत. टँगला जाळ्याने उचलू नका, शेपटीजवळचे पाते जाळ्यात अडकते; डब्याने उचला.

प्रश्न : क्लीनर श्रिंप (कोळंबी) असलेल्या टाकीत फ्लेम हॉकफिश ठेवता येईल का?

उत्तर : पेपरमिंट किंवा सेक्सी श्रिंप असतील तर नको, तो खाऊन टाकेल. मोठे, पूर्ण वाढलेले क्लीनर श्रिंप बहुधा वाचतात, पण कात टाकल्यावर अंग मऊ असते तेव्हा धोका राहतोच. श्रिंप आधी आणि हॉकफिश नंतर, हाच क्रम ठेवा. उलट केलेत तर नवा श्रिंप त्याला आयता घासच वाटेल. या माशाला वाताशय (तरंगत ठेवणारी हवेची पिशवी) नसतो, त्यामुळे तो पोहण्यापेक्षा कोरलवर बसून राहतो. बसायच्या जागेचे पॉलिप वारंवार मिटलेले दिसले, तर ते कोरल जरा हलवा.