रात्रपाळी आणि सतत बिघडणारं पोट

"मॅडम, तिखट-तेलकट केव्हाच सोडलंय, तरी पोट ताळ्यावर येत नाही. नोकरीच सोडावी लागेल का?" रात्रपाळी करणारे अनेक जण हाच प्रश्न घेऊन येतात. ही परिचारिका तर छातीतली जळजळ, पोटफुगी आणि बद्धकोष्ठतेने रडकुंडीला आली होती.

काळी किंवा रक्त पडणारी शौच, विनाकारण घटणारं वजन, गिळताना अडकणं, वारंवार उलट्या, यातलं काही असेल तर मी आधी डॉक्टरांकडेच पाठवते. तिला तसं काही नव्हतं. तपासण्याही झाल्या होत्या.

मग मी काय खाता हे न विचारता किती वाजता खाता, ते विचारलं. मुख्य जेवण रात्री २ वाजता, झोप घालवायला पहाटे ५ वाजता कडक कॉफी, सकाळी घरी येऊन पोटभर खाणं आणि लगेच अंथरूण. जागरणाने डोकं दुखलं की रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी! त्या गोळीबद्दल मात्र मी तिला त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायला लावलं, कारण अशा काही गोळ्यांनी जठराला जखम होऊ शकते.

जठर, यकृत, आतडी यांनाही स्वतःचं घड्याळ असतं. रात्री जठर सावकाश रिकामं होतं, मोठं आतडं तर जवळजवळ स्वस्थच असतं. भरल्या पोटी आडवं झालं की आम्ल वर येतं आणि झोपेत लाळ व गिळणं कमी झाल्याने अन्ननलिकेत रेंगाळतं. कॅफीनचं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे ५ तास लागतात, म्हणजे पहाटेची कॉफी सकाळची झोपही मोडते.

"म्हणजे दोष माझ्या पोटाचा नाही?" तिने विचारलं. अजिबात नाही.

मुख्य जेवण कामावर निघण्यापूर्वी, मध्यरात्रीनंतर अगदी थोडं, कॉफी पाळीच्या सुरुवातीलाच आणि झोपण्याआधी हलके चार घास, एवढंच ठरवलं. जाग आल्यावर शौचासाठी निवांत वेळ राखायला सांगितलं. सुट्टीचं दुपारचं जेवण तिला मुलांसोबत हवं होतं. ते मी मुळीच तोडलं नाही.

काही आठवड्यांत जळजळ बरीच ओसरली. बद्धकोष्ठता हळूहळू सुधारते आहे, पण पाळ्या भराभर बदलल्या की त्रास परततो. म्हणून रात्रपाळ्या सलग मिळाव्यात असा अर्ज तिने वरिष्ठांकडे दिला आहे; त्याचा मसुदा आम्ही दोघींनी मिळून केला.