ओसिरिस, ईश्वर आणि एक ससा

प्रश्न असा आहे: इजिप्तचा देव 'ओसायरिस' म्हणजे आपला 'ईश्वर'च ना? आणि प्रजेचं भलं करणारा राजा ही त्याची ख्याती नावातच दडलेली आहे का?

पहिल्याचं उत्तर, नाही. हे फॉरवर्ड वाचून वाचून डोळे दुखले. 'ईश्वर' हा ईश् धातूला वरच् प्रत्यय लागून झाला, पाणिनीने त्याची सोय सूत्रात करून ठेवली आहे (३.२.१७५). 'ओसिरिस'मधला शेवटचा 'इस' ग्रीकांनी चिकटवलेला. तो खरवडला की उरतं 'उसिर'च्या जवळपासचं काहीतरी. त्यातून ईश् आणि वर वेगळे काढून दाखवा, मग बोलू. नुसत्या नादावर जायचं तर नेफरतिती ही कुणाची तरी नफर ठरेल! आपला 'नफर' अरबीतून आलेला चाकर. इजिप्तचं 'नेफर' म्हणजे चांगलं, सुंदर.

(आणि 'ओसायरिस' हा इंग्रजी तोंडचा उच्चार. नासाच्या 'ओसायरिस-रेक्स' यानाला तो शोभतो, देवाला मराठीत 'ओसिरिस' लिहा.)

ही खोड आपलीच नाही म्हणा. प्राचीन ग्रीक लेखक प्लूटार्कने हे इजिप्शियन नाव 'होसिओस' (पुण्यशील) आणि 'हिएरोस' (पवित्र) या दोन ग्रीक शब्दांतून शिवून काढलं. दुसऱ्या ठिकाणी तो 'अनेक डोळ्यांचा' हा अर्थ नोंदवतो, तो निदान इजिप्शियन शब्दांवर बेतलेला. नाव लिहिताना सिंहासन आणि डोळा ही चित्रं येतात, म्हणून कोणी 'डोळ्याचं आसन' म्हणतं. इजिप्तचे अभ्यासक ग्रिफिथ्स 'उसेर' म्हणजे बलवान इथून नाव काढतात. मला यातलं एकही पटत नाही. सिंहासन बघून नावाचा अर्थ लावणं म्हणजे दारावरची पाटी वाचून घरमालकाचा स्वभाव सांगणं.

भलेपणा शोधायचा तर त्याच्या दुसऱ्या नावात शोधा: 'वेन्नेफर'. हे बिरुद पुष्कळदा राजाच्या नावाभोवती असते तशा लांबट चौकटीत लिहितात. चौकटीत बघा: आधी एक ससा, कान टवकारलेला. त्याच्याखाली पाण्याची लाट. मग 'नेफर'चं चिन्ह, म्हणजे हृदय आणि त्यावर उभी श्वासनलिका. सशाचा अर्थाशी काही संबंध नाही, तो बिचारा फक्त 'वन' या ध्वनीसाठी बसवलेला. 'वन' म्हणजे असणं. असणं अधिक चांगलं. पाश्चात्य पंडित याचं भाषांतर 'जो सदैव परिपूर्ण असतो' वगैरे लांबण लावून करतात, कोणी नुसतं 'गुड बीइंग' म्हणतात, आणि त्यावरच्या मराठी लेखांत त्याचा 'चांगला प्राणी' झालेला मी वाचला आहे. अहो, प्राणी? आपल्याकडे 'सत्' आहे की! अस् म्हणजे असणं, त्याचंच 'सत्', आणि तेच 'सज्जन', 'सत्पुरुष'मधलं चांगलं. इजिप्तला ज्यासाठी दोन शब्द जोडावे लागले ते संस्कृतने एका अक्षरात उरकलं. नातं नाही हं, फक्त अर्थ जुळतो. पण वेन्नेफरला 'सत्पुरुष' म्हटल्यावर जे कळतं ते दहा ओळींच्या टीपेत कळत नाही. प्लूटार्कही या देवाचं 'ओम्फिस' असं एक नाव देतो आणि त्याचा अर्थ 'उपकारकर्ता' सांगतो. शेती शिकवणारा, कायदे देणारा, शस्त्राऐवजी गाण्याने आणि गोड बोलण्याने माणसं जिंकणारा राजा असंच वर्णनही करतो.

आता खरी गंमत. ग्रीकांच्या तोंडी वेन्नेफरचं 'ओन्नोफ्रिस' झालं. पुढे इजिप्तच्या वाळवंटात याच नावाचा एक ख्रिस्ती तपस्वी होऊन गेला, चित्रांत लांब केसदाढी आणि कमरेला पानं एवढाच वेष. लॅटिनमध्ये तो ओनुफ्रियस, इटलीत ओनोफ्रिओ, पोर्तुगीजांत ओनोफ्रे. रोममध्ये जनिक्युलम टेकडीवर त्याचं चर्च आहे, कवी तास्सो १५९५मध्ये तिथेच वारला. १२ जून हा त्याचा सण. त्या दिवशी मेणबत्ती लावणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल, की संताच्या नावात तो ससा अजून कान टवकारून बसलाय!