‘छाटणी होऊ दे, मग बघू’

‘आमच्या आई तपासणीला येतच नाहीत. विषय काढला की चिडतात. जबरदस्तीने न्यायचं का?’ साठी ओलांडलेल्या बायकांच्या घरांतून हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. विचारणारी बहुतेक वेळा सून किंवा मुलगी असते. मुलगे पॅकेज बुक करून मोकळे होतात.

मखमलाबादकडच्या एका द्राक्ष बागायतदार घरातली सून हेच विचारायला आली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सासूबाई ६२ वर्षांच्या. मुलाने ‘फुल बॉडी चेकअप’ बुक केलं. रक्त घ्यायला लॅबचा माणूस सकाळी दारात हजर, आणि आई तेवढ्यात मळ्यात निघून गेलेल्या. ऑक्टोबरात म्हणाल्या, ‘गोडी छाटणी होऊ दे.’ मग म्हणाल्या, माल निघू दे. मग एप्रिलची खरड छाटणी आली. द्राक्षाच्या घरात रिकामा महिना नसतो हे खरं, पण याच बाई भाचीच्या लग्नात चार दिवस राहून आल्या होत्या.

सुनेचा अंदाज, आई कॅन्सरला घाबरतात. थोरल्या जाऊबाई गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेल्या होत्या आणि ‘तपासलं म्हणून निघालं, नाहीतर चांगली हिंडत-फिरत होती’ हे घरात पक्कं झालं होतं. पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर जाऊबाईंच्या अंगावरून पुन्हा लाल जात होतं आणि त्यांनी ते महिनोन्‌महिने कुणाला सांगितलं नव्हतं, हा भाग गोष्टीतून गळला होता. पाळी बंद झाल्यावर एकदाच, अगदी डागापुरतं रक्त दिसलं तरी डॉक्टरांकडे जायचं. तिथे ‘बघू’ नाही. दरवेळी कॅन्सरच असतो असं नाही, पण तो नाही ना, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

मी सुनेला म्हटलं, त्यांना नुसत्या गप्पांना घेऊन या. आल्या. सोबत मुलगाही आत येऊन बसला, त्याला मी बाहेर थांबायला सांगितलं. मावशींनी आल्या आल्या आधी बाथरूम कुठे आहे ते विचारलं. चहा नको, पाणीही नको. खुर्चीच्या कडेला, एका बाजूवर भार देऊन बसल्या. तपासणीचा विषय मी काढलाच नाही. विचारलं, ‘मावशी, हल्ली सप्तशृंगीच्या गडावर जाता का?’

‘चैत्रात चुकवत नव्हते. आता वणीपर्यंत बसवत नाही एसटीत.’

‘गुडघे?’

त्या दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, ‘गुडघे नाही हो. अंग बाहेर येतं.’

म्हणजे गर्भाशय खाली सरकून बाहेर येतं. कित्येक वर्षांपासून. ओझं उचललं, खोकला आला की खाली उतरायचं, त्या हाताने आत सारायच्या. शिंकलं तरी लघवी होते म्हणून बाहेर पडायचं असलं की सकाळपासून पाणी बंद. घरात कुणाला पत्ता नाही. तपासायला गेलं की हे दिसणार, तपासणारा बाप्या डॉक्टर असला तर आणखी पंचाईत, आणि शेवटी ‘पिशवी काढा’ म्हणणार. ‘आमच्या वाडीत किती जणींच्या काढल्यात. नंतर कंबर धरूनच बसतात.’

म्हणजे रिपोर्टची भीती नव्हतीच. मला हे वारंवार दिसतं. आपण विचारतो, ‘येणार की नाही?’ त्यावर ‘नाही’ हे सोपं उत्तर असतं. त्याऐवजी ‘गेलात तर काय होईल असं वाटतं?’ असं विचारावं, तेही एकटीला, मुलगा आणि नवरा समोर नसताना.

मी डॉक्टर नाही, तरी त्यांना एवढं सांगता आलं: अंग बाहेर येण्यावर ऑपरेशन हा एकच उपाय नाही. ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम असतात, आत बसवायची रिंग असते, आणि पिशवी काढायची की नाही हे ठरवताना तुमचं म्हणणं विचारात घ्यावंच लागतं. स्त्री डॉक्टर मागण्यात लाजायचं काही नाही.

सुनेला वेगळं सांगितलं. घरी येऊन रक्त नेणाऱ्या पॅकेजमध्ये रकानेच्या रकाने भरून येतात, पण स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी त्यात होत नाही. सरकारी आरोग्य केंद्रांतल्या मोहिमेत तिशीपासून बीपी, शुगर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढं मोफत बघतात. गर्भाशयमुखाला पाच वर्षांतून एकदा, हा तिथला नियम. पाळी गेलेल्या बाईत नुसतं औषध लावून डोळ्यांनी बघण्याची पद्धत कमी पडते, कारण बघायचा भाग आत सरकलेला असतो. त्यामुळे पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) किंवा एचपीव्हीचं (या कॅन्सरला कारण होणाऱ्या विषाणूची तपासणी) विचारा. हाडं किती ठिसूळ झालीत ते बघणारी डेक्सा तपासणी साधारण ६५ नंतर, आधी हाड मोडलं असेल तर लवकर. सत्तरी गाठलेल्यांना आयुष्मान कार्डावर पाच लाखांचं कवच आहे, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावरचं. तपासण्यांचा खर्च त्यात धरून चालू नका.

मावशी तपासणीला गेल्या. आत सून सोबत होती, मुलाने फक्त गाडी चालवली. रिंग बसली. एचपीव्हीचा रिपोर्ट चांगला आला. बीपी मात्र वरचं १६० च्या पुढे, आणि हिमोग्लोबिन ९. बाईला किमान १२ हवं. बीपीचं कधी काही जाणवलंच नव्हतं, त्याची गोळी सुरू झाली.

मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेला, त्यांनी अजून होकार दिलेला नाही. डॉक्टरांनी हाताने तपासलं, तेवढं त्यांना पुरे वाटतं. सूनबाईंनी फोनवर विचारलं, पुन्हा मागे लागू का? मी म्हटलं, माल निघाल्यावर एकदा विचारा, स्वयंपाकघरात, दोघीच असताना. तोवर गोळी रोज घेतात का, एवढं बघा.