साचा तोच, पण होडी तीच का?

प्रश्न : गंगापूर धरणाच्या जलाशयालगत आमची शेती आहे. घरच्यांसाठी फायबरची १६ फुटी जुनी होडी घ्यावी, असा विचार आहे. एकाच साच्यातून निघालेल्या दोन होड्या पाहिल्या. एक कारखान्याच्या मूळ मालकाच्या शेवटच्या वर्षातली, तर दुसरी कारखाना विकला गेल्यावर तीन वर्षांनी बांधलेली. सगळे जुन्या मालकाची घ्या म्हणतात. ते बरोबर आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : साचा होडीला फक्त बाहेरचा आकार देतो. तिची ताकद ठरते ती जेलकोटच्या (बाहेरच्या चकचकीत लेपाच्या) मागे मॅटचे (काचतंतूंच्या आखूड तुकड्यांच्या चटईचे) आणि रोव्हिंगचे (जाड काचतंतूंच्या विणलेल्या कापडाचे) किती थर बसवले, त्यांत रेझिन (घट्ट होऊन काच धरून ठेवणारा चिकट द्रव) किती मुरले आणि रोलर फिरवून अडकलेली हवा किती काढली यांवर. कारखान्याबरोबर साचे विकत मिळतात, थरांचा तक्ताही मिळतो. पण रोलर फिरवणारे कारागीर नव्या मालकाकडे टिकतीलच असे नाही. शिवाय काटकसर करायचीच झाली, तर ती गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या जागी होते. मॅटच्या थरात वजनाने साधारण ३० टक्के काच असते, तर रोव्हिंगमध्ये ती ५० टक्क्यांच्या आसपास जाते. त्यामुळे रोव्हिंगचा थर गाळून मॅटनेच जाडी भरून काढली, तर कडेची जाडी मोजणाऱ्याला फरक कळत नाही आणि ताकद मात्र घटलेली असते.

तरीही ‘जुने ते सोने’ येथे सरसकट लागू करू नये. विक्रीला निघालेल्या कारखान्यात अनेकदा पैशाची चणचण असते, आणि माझ्या मते सर्वांत जास्त संशय घ्यावा तो अशा शेवटच्या वर्षातल्या होडीचाच. उलट, भांडवल असलेला नवा मालक निर्वात पद्धतीने, म्हणजे थरांतली हवा पंपाने शोषून, रेझिन भरण्याची सोय करू शकतो. १९५८ मध्ये सुरू झालेली अमेरिकेतील बोस्टन व्हेलर ही कंपनी १९८९ मध्ये चक्क बूट बनवणाऱ्या रीबॉकने घेतली, १९९६ मध्ये ती होड्या बनवणाऱ्या ब्रन्सविक कंपनीकडे गेली आणि तिच्या होड्या आजही बनतात. म्हणजे मालक बदलला एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

दोन्ही होड्यांची इंजिने उतरवून त्या द्राक्षांच्या गाड्या तोलतात तशा वजनकाट्यावर घाला. हलकी निघेल तिचे थर कमी असण्याची शक्यता आहे. मात्र जड निघेल तिच्या फळ्यांत पाणी मुरलेले नाही ना, हेही पाहावे लागेल. त्यासाठी तळ आणि विशेषतः इंजिन बसते ती मागची फळी प्लास्टिकच्या हातोडीने ठोकून पाहा. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला, तर तिथे थर सुटले आहेत किंवा आतले प्लायवुड कुजले आहे असे समजावे. बैठकीखालच्या, रंग न दिलेल्या भागात बॅटरीच्या उजेडात पाहिल्यास कोरडी राहिलेली पांढरी मॅट आणि हवेचे फुगे दिसतात. दोघी सारख्याच उतरल्या, तर मी नव्या मालकाच्या काळातली घेईन.