कुस्ती बघताना आवाज बंद कशाला?

दसरा झाला की माझ्यासारख्या समुपदेशकाकडे एकाच तक्रारीची माणसं वाढतात. घटस्थापनेला व्यायामाचा संकल्प केलेला, सहाव्या-सातव्या माळेला तो बारगळलेला आणि रात्री अंथरुणात मोबाइलवर दोन-अडीच तास. "मी आळशी आहे का? मला मोबाइलचं व्यसन लागलंय का?" असं विचारतात, आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकतात. "मॅडम, ते बघणं सुटलं की व्यायाम आपोआप सुरू होईल." मला हे उत्तर बहुतेक वेळा पटत नाही. का पटत नाही ते एका गृहस्थांच्या निमित्तानं सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि लिहायची परवानगी त्यांनीच दिलीय.

त्यांना संपतराव म्हणू. वय ४८, सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-बेदाण्याच्या अडत पेढीवर दिवाणजी, घर सांगलीवाडीत. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ आला होता. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. "आताच चालायला लागा, गोळीची वेळ आणू नका," असं त्यांच्या डॉक्टरांनी बजावलं. संपतराव चालायला लागले नाहीत. चालणं म्हणजे म्हाताऱ्यांचं काम, हे त्यांचं ठाम मत. विसाव्या वर्षापर्यंत तालमीत घाम गाळलेला माणूस. त्यांनी घटस्थापनेला पहाटे उठून थेट शंभर जोर आणि दोनशे बैठकांनी सुरुवात केली, तीही उपवासात, साबुदाण्याच्या खिचडीवर. चौथ्या माळेला मांड्या अशा भरून आल्या की पेढीच्या पायऱ्या कठड्याला धरून उतरावं लागलं. खंडेनवमीला तालमीत जाऊन पूजा केली, दसऱ्याला सोनं लुटलं, आणि व्यायाम तिथंच थांबला.

रात्रीचा कार्यक्रम मात्र चुकला नाही. "एक वाजतोय बघा झोपायला," ते म्हणाले. "कुस्तीची मैदानं बघत बसतो. घरातली झोपली की सुरू."

"आवडीनं बघता?"

"आवडीनं कसलं मॅडम. वेळ घालवायचा धंदा आहे सगळा."

आता सांगली जिल्ह्यात बसून हे वाक्य ऐकायचं म्हणजे मौज आहे. कवठेपिरानचे मारुती माने आणि शिराळ्याकडच्या पुनवतचे गणपतराव आंदळकर, दोघेही हिंदकेसरी, दोघांनीही १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवलं. शेजारच्या कराड तालुक्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी त्याआधी दहा वर्षं हेलसिंकीहून ऑलिंपिकचं कांस्यपदक आणलं होतं. अशा मुलखात कुस्ती बघण्याला वेळ घालवणं म्हणणारा माणूस शोधूनच काढावा लागेल. म्हणून मी व्यायामाचा विषय बाजूला ठेवला आणि त्यांना म्हटलं, काल रात्री बघितलेली एक कुस्ती मला सांगा.

ते सावरून बसले. सुरुवातीची खडाखडी किती वेळ चालली, लहान चणीच्या पोरानं पट काढायला कसं वाकून मुसंडी मारली, वरच्यानं कसा कब्जा घेतला. सांगता सांगता त्यांनी माझ्या टेबलावरची पाण्याची बाटली डाव्या हातानं दाबून धरली आणि उजव्या हातानं घिस्सा कसा ओढतात ते दाखवलं. बाटली चितपट झाली. दहा मिनिटांपूर्वी खांदे पाडून बसलेला माणूस तो हाच का, असं वाटावं इतका आवाज चढला होता. त्याच भरात ते बोलून गेले, "हलगीचा आवाज असता तर आणखी मजा आली असती."

"म्हणजे? आवाज बंद करून बघता?"

"मग! मिसेस उठल्या तर?"

कुस्तीचं मैदान, आणि हलगी नाही, निवेदकाचा आवाज नाही, इनाम पुकारणं नाही. पांघरुणात उजेड दाबून, एक डोळा दाराकडे ठेवून बघायचं. मोबाइलमधला वापराचा हिशेब आम्ही उघडला तर रोजचे अडीच तास, त्यातले बहुतेक साडेअकरानंतरचे. त्यात मनापासून बघितल्या किती असं विचारलं तर विचार करून म्हणाले, "पहिली एखादी. पुढं नुसता अंगठा चालतो." चोरून खाल्लेल्या लाडवासारखं आहे हे. चव घ्यायला उसंत नाही, म्हणून मन भरत नाही, म्हणून आणखी एक. मला वाटतं, संपतरावांचे अडीच तास कुस्तीच्या आवडीनं वाढवलेले नव्हते. अपराधीपणानं वाढवलेले होते.

करमणूक म्हणजे वेळेची नासाडी असं ज्यांना मनातून वाटतं, त्यांना त्याच करमणुकीतून आनंद कमी मिळतो, असं ओहायो स्टेट विद्यापीठातल्या सेलिन मालकोच आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०२१ च्या अभ्यासात दिसलं. अशा लोकांत ताण आणि उदासीही जास्त आढळली. वेळ तितकाच जातो, पदरात कमी पडतं. आपल्याकडे तर हा विचार लहानपणापासून पक्का केलेला असतो. अभ्यास झाला का, मग टीव्ही.

पुढच्या वेळी ते आले तेव्हा मधे कोजागरी होऊन गेली होती. गच्चीवर सगळी मंडळी, आटीव दूध, चंद्र. मुलानं मोबाइल टीव्हीसारखा उभा करून ठेवला आणि संपतरावांनी एक जुनं मैदान सगळ्यांना दाखवलं, आवाज पूर्ण सोडून. अकरावीतला मुलगा डावांची नावं विचारत होता. "आणि गंमत म्हणजे," ते म्हणाले, "बाराला मीच बंद केलं. सगळे जागे असताना मला झोप आली."

त्यांना ती गंमत वाटली, मला तो पुरावा वाटला. आवाज सोडून, माणसांत बसून, परवानगीनं बघितल्यावर तासाभरात पोट भरलं होतं.

मी वहिनींनाही एकदा बोलावलं. त्यांचं म्हणणं ऐकून संपतराव चाट पडले. त्यांना कुस्तीबद्दल तक्रारच नव्हती. "बघू देत की. पण मी म्हटलं जरा हरिपूरपर्यंत जाऊन येऊ, तर हे म्हणणार दमलोय. आणि रात्री एकपर्यंत जागे! मला काय कळत नाही होय, पांघरुणातनं उजेड दिसतोय ते?" नवरा वर्षभर जे लपवत होता ते घरात सगळ्यांना माहीत होतं. दुखत होतं ते फिरायला दिलेला नकार.

मग आम्ही कुस्तीला घरात जागा करून दिली. शनिवारी रात्री मोठ्या टीव्हीवर एक मैदान, आवाज सोडून, मुलाबरोबर. इतर दिवशी जेवणानंतर एक-दोन कुस्त्या, बैठकीच्या खोलीत, साडेदहापर्यंत. मोबाइल चार्जिंगला स्वयंपाकघरात. या शेवटच्या कलमावर सर्वांत जास्त घासाघीस झाली, अलार्म कसा लावणार इथपर्यंत. साधं गजराचं घड्याळ अजून बाजारात मिळतं, हे मला सांगावं लागलं.

व्यायामाचं पुढे. संध्याकाळी का चालत नाही, याला त्यांचं उत्तर आळसाचं नव्हतंच. उन्हाळ्यात सातपर्यंत उजेड असतो, तेव्हा पेढीवरून येताना ते आयर्विन पुलावरून चालत घरी यायचे. दिवाळीच्या सुमारास सहालाच अंधारतं. त्यात गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या डबल ट्रॉल्या, गाणी कर्कश लावलेली, मागं धड रिफ्लेक्टर नाही. अशा रस्त्याकडेनं अंधारात चालू नये, हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. पण माणूस ऋतूचा दोष स्वतःच्या अंगावर घेतो आणि "माझ्यात जिद्दच नाही" म्हणतो. शरद असाच फसवा. सकाळी हवा छान, दुपारी ऑक्टोबरचं ऊन चटका देतं, संध्याकाळ हातात येण्याआधी संपते. उन्हाळ्यातली वेळ दिवाळीत चालेलच असं धरून बसलं तर संकल्प मोडणारच.

म्हणून चालणं जेवणाच्या सुट्टीत आणलं. डबा खाल्ला की सौद्याच्या शेडच्या सावलीत पंधरा मिनिटं फेऱ्या. जेवणानंतर थोडं चाललं की रक्तातली साखर कमी उसळते, हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांनाही हे पसंत पडलं. संपतरावांना वाटत होतं, पंधरा मिनिटांत काय होतंय? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि २०२० च्या मार्गदर्शनात 'सलग किमान दहा मिनिटं' ही जुनी अटही काढून टाकलीय. तुकडे चालतात. घरी सकाळी दहा बैठका आणि पाच जोर, एवढेच. हा आकडा ऐकून संपतराव चक्क रागावले. "तालमीत पोरं हसतील." तालमीत सांगू नका, म्हटलं. त्यांच्या आतला वीस वर्षांचा पैलवान दर नवरात्राला उठून अठ्ठेचाळीस वर्षांच्या दिवाणजीला पाडत होता. या जोडीत वजनगटच जुळत नव्हता.

दुपारच्या फेऱ्यांना कानात कुस्तीचं निवेदन लावायचं, ही कल्पना त्यांचीच. तिला संशोधनाचा आधार आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कॅथरिन मिल्कमन यांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही लोकांना खिळवून ठेवणाऱ्या कादंबऱ्या ऐकायला दिल्या, पण फक्त जिममध्येच. सुरुवातीला त्यांचं जिमला जाणं इतरांपेक्षा ५१ टक्क्यांनी जास्त भरलं. मला त्यातला पुढचा भाग जास्त उपयोगी वाटतो. हा फरक हळूहळू ओसरला, आणि नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर मोठा खंड पडला. सण सगळीकडेच व्यायाम मोडतो. मग आमची दिवाळी कशी सुटेल?

त्यामुळे दिवाळीत काय करायचं याऐवजी दिवाळीनंतर कधी सुरू करायचं, ते आधी ठरवलं. यार्डात दिवाळीला बेदाण्याचे सौदे बंद ठेवून जुनी येणी-देणी मिटवतात, झिरो पेमेंट म्हणतात त्याला. त्या गडबडीत दिवाणजीला जेवायलाही फुरसत नसते, तिथं फेऱ्या कुठल्या! तेवढे दिवस सुट्टी, राग-लोभ नाही, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा. कॅलेंडरवर वहिनींनी खूण केली.

प्रत्यक्षात ते त्या दिवशी सुरू झाले नाहीत. मेव्हणे मुक्कामाला होते, चकल्यांचा डबा संपायचा होता. चार-पाच दिवस उशीर झाला. पण पूर्वी अशा उशिरानंतर थेट पुढची घटस्थापना उजाडायची. यंदा सोमवार उजाडला, तेवढं मला पुरेसं वाटलं. काही आठवड्यांनी बैठका वीसवर नेल्या. रविवारी सकाळी दोघं हरिपूरला संगमापर्यंत चालत जाऊन येतात. वाटेत भडंग घेतात, त्याकडे मी काणाडोळा केलाय.

आता व्यसनाचा प्रश्न. आवडीचं काही तास-दोन तास बघितलं म्हणजे व्यसन, असं मी म्हणत नाही. थांबवायचं ठरवूनही पुन्हा पुन्हा थांबता येत नाही, कामावर खाडे होतात, खोटं बोलावं लागतं, माणसं तुटायला लागतात, असं महिनोन् महिने चाललं असेल तर तपासून घ्यावं. आणखी एक गोष्ट मी हमखास विचारते. आवडीच्या गोष्टीचीही गोडी गेलीय का? संपतरावांनी बाटलीला घिस्सा मारला तेव्हाच माझी ती काळजी मिटली होती. तसा उत्साह कशातच येत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ मन मरगळलेलं असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर तो आळसही नाही आणि मोबाइलही नाही. तिथं मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आणि चालताना छातीत दुखलं, धाप लागली तर समुपदेशकाकडे न येता आधी दवाखाना गाठावा.

संपतरावांची फेब्रुवारीतली तपासणी ५.९ आली. डॉक्टर म्हणाले, आहे तसं चालू ठेवा, गोळीचं नंतर बघू. झोप अजून साडेअकराच्या आत येत नाही, त्यावर आमचं काम चाललंय. सध्याची नवी कटकट म्हणजे शनिवारचा टीव्ही. त्याच वेळेला त्यांच्या आईंची मालिका असते, आणि त्या मागं हटायला तयार नाहीत.